आल्पुखाराची डोंगरी गावे: माणसे गेली, माळवद आणि पाट राहिले

स्पेनच्या दक्षिणेला सिएरा नेवादा ही बर्फाची डोंगररांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर मुलासेन, सुमारे 3,480 मीटर. ग्रानादाचा सुलतान अबुल हसन अली याला स्पॅनिश लोक 'मुले आसेन' म्हणत, त्यावरून शिखराला हे नाव पडले. या रांगेचा समुद्राकडे उतरणारा दक्षिण उतार म्हणजे आल्पुखारा. पोकेइरा दरीच्या एकाच कडेवर पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही तीन गावे एकावर एक बसली आहेत: पहिले साधारण 1,050 मीटरवर, दुसरे 1,300 आणि तिसरे 1,430 मीटरच्या आसपास. खालून पाहिले तर पांढऱ्या पायऱ्या रचल्यासारख्या दिसतात.

'मूरिश वास्तुकला' म्हटले की डोळ्यांपुढे ग्रानादाचा राजवाडा, आल्हाम्ब्रा येतो: नालाकृती कमानी, जाळीदार गच, कारंजी. यातले जवळजवळ काहीच या गावांत नाही. इथला मूरांचा वारसा डोक्यावरच्या मातीत आणि पायाखालच्या पाण्यात आहे, आणि तो कसा टिकला हे समजायला हजार वर्षे मागे जावे लागते.

मूर हा शब्द ख्रिस्ती लोकांचा. 711 नंतर उत्तर आफ्रिकेतून आलेले अरब, त्यांच्याहून संख्येने मोठे असलेले बर्बर आणि पुढे मुसलमान झालेले स्थानिक, असे सगळेच त्यात येतात. डोंगरात वस्ती आधीपासून होती, हे गावांची नावेच सांगतात. पाम्पानेइरा, कापिलेइरा, फेरेइरोला ही नावे अरबी नाहीत, लॅटिनमधून उतरलेल्या जुन्या स्थानिक बोलीतली आहेत. फेरेइरोलाच्या मुळाशी लोखंडाचा शब्द आहे आणि त्या गावाजवळचा झरा आजही लोहयुक्त पाण्यासाठी ओळखला जातो. नंतर स्पेनच्या वायव्य टोकाच्या गालिसियातून आलेल्या वसाहतकारांनी ही नावे दिली असे सांगितले जाते, पण ते पटण्यासारखे नाही. नावे त्या वसाहतीच्या कितीतरी आधीची आहेत.

कारभाराचे शब्द मात्र अरबीच. गावाला 'आल्केरिआ', म्हणजे अल-कर्या. अशा गावांचा गट म्हणजे 'ताआ'; मूळ अर्थ आज्ञापालन. ला ताआ नावाची नगरपालिका आजही आहे. गढीला 'आल्कासाबा' म्हणतात, म्हणजे अल-कसबा. आपल्या कसबा पेठेतला 'कसबा' तो हाच, फक्त आपल्याकडे तो पूर्वेच्या वाटेने आला.

ग्रानादावर राज्य करणाऱ्या नासरी घराण्याच्या सुलतानांच्या काळात, म्हणजे 1238 ते 1492, हा डोंगर रेशमावर जगला. तुतीची झाडे मळ्याच्या कडेला, बांधावर लावत, म्हणजे पिकाची जागा जात नसे. जमीन एकाची आणि तीतले झाड दुसऱ्याचे असा मालकीहक्क सर्रास होता, आणि याच कारणाने पुढे राजाने या लोकांच्या जमिनी जप्त केल्या तेव्हा नोंदी करणाऱ्यांची तारांबळ उडाली. घराच्या वरच्या खोलीत किडे पोसायचे, चार-पाच आठवडे पाला घालायचा, मग कोष ग्रानादाच्या बाजारात. पण तुती, द्राक्ष, अंजीर, धान्य हे सगळे उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या उतारावर पिकवायचे तर पाणी हवे, आणि या गावांची खरी कारागिरी पाण्यातच आहे.

पाटाला इथे 'आसेकिया' म्हणतात, अरबी अस-साकिया. त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की सगळा हिशेब चुकतो. एक थेट शेताला पाणी देणारा, दुसरा 'कारेओ'चा. पाझर तलाव माहीत असलेल्या मराठी वाचकाला कारेओ लगेच समजेल. वसंतात बर्फ वितळू लागले की ओढ्याचे पाणी उंचावरच, गावाच्या कितीतरी वर, आडव्या पाटात वळवतात. हा पाट मुद्दाम कच्चा, मातीचा. उतार इतका कमी की पाणी चालत राहावे पण माती कापू नये. काही किलोमीटर गेल्यावर ठरलेल्या जागी ते डोंगरावर सोडून देतात. तिथला खडक म्हणजे झिजून भेगाळलेला शिस्ट. तो पाणी पितो. हे पाणी आठवडे, कधी महिने जमिनीखालून सरकत खालच्या झऱ्यांतून बाहेर येते, नेमके ओढे आटलेले असतात तेव्हा. शिवाय वाटेतले गवत आणि चेस्टनटची झाडे त्याच ओलाव्यावर जगतात. बर्फ हा साठा, डोंगर ही टाकी.

यात बिघडते काय? पहिले म्हणजे तुंबणे. पाला, दगड किंवा ढासळलेली कड पाटात अडकली की पाणी काठावरून उतू जाते, खालचा उतार धुऊन नेते, आणि एका रात्रीत पाटाचा तुकडाच दरीत जातो. म्हणून पाटकरी, 'आसेकिएरो', हंगामात पाटाच्या कडेने रोज चालतो, हातात फावडे. दुसरे बिघडणे चांगल्या हेतूने झालेले आहे. विसाव्या शतकात 'गळती थांबवू' म्हणून काही पाटांना सिमेंट केले, काही ठिकाणी नळ टाकले. शेताच्या पाटाला ते एक वेळ चालेल, जरी त्याच्या काठची झाडे वाळतात. पण कारेओच्या पाटाची गळती थांबवणे म्हणजे पाटच बंद करणे. खालचे झरे आटतात.

खाली आलेले पाणी रात्री हौदात साठवतात. हौदाला 'आल्बेर्का' म्हणतात, तोही अरबी शब्द. मग तासांच्या पाळीने ते पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत सोडतात. या शेतांच्या ताली, 'बालाते', चुन्याशिवाय नुसत्या दगडाने रचलेल्या, कारण मागे साचलेले पाणी दगडांच्या फटींतून निघून गेले पाहिजे. फटी सिमेंटने भरल्या की पावसाळ्यात मागची ओली माती फुगते आणि ताल पोट काढून कोसळते.

घर याच उतारावर तसेच बसवलेले. भिंती दगडमातीच्या, अर्धा मीटर आणि त्याहून जाड, तोंड दक्षिणेला, तळमजल्यावर जनावरे. वर सपाट धाबे, 'तेर्राओ'. सोलापूर-मराठवाड्याकडचे माळवद ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची ओळख करून द्यायला नको. भिंतीवर चेस्टनटच्या तुळया. झाडाचे खोड जेवढे लांब आणि सरळ तेवढीच खोली रुंद, म्हणून खोल्या अरुंद आणि लांबट. तुळयांवर आडव्या फळ्या, 'आल्फार्खिआ'. त्यांवर स्लेटचे पातळ दगड किंवा बोरूची ताटी. त्यावर चिखल. आणि सर्वांत वर वीतभर 'लाउना'.

लाउना ही राखाडी-निळसर, मॅग्नेशियमयुक्त माती, झिजलेल्या पाटीच्या दगडापासून झालेली. ती कालवत नाहीत. कोरडीच पसरतात, दाबतात आणि पहिल्या पावसावर सोडून देतात. तिचे पापुद्रे भिजले की एकमेकांवर चपट बसतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत. धाब्याला अगदी थोडा ढाळ असतो, कडेला स्लेटच्या पाट्या भिंतीबाहेर काढलेल्या, आणि वाऱ्याने माती उडू नये म्हणून त्यांवर दगड ठेवलेले. वजन भरपूर: इतक्या जाडीच्या मातीचे चौरस मीटरला 300 किलोच्या घरात. म्हणून बर्फ पडले की लगेच ओढून काढतात; त्याचे ओझे तुळयांना नको, आणि हळूहळू वितळणारे पाणी मातीला नको. ओल्या लाउनावर चालायचे नाही, पाऊल रुतले की तिथे गळते. गवत उगवले तर मुळासकट उपटायचे आणि भोक भरायचे. काही वर्षांनी नवा थर द्यायचा. तडा दिसला म्हणून वर सिमेंट ओतणे ही सगळ्यांत महागात पडणारी चूक: लाकूड उन्हाथंडीने हलते, सिमेंट हलत नाही, ते तडकते. तड्यातून शिरलेले पाणी वर वाळत नाही आणि तुळई आतून कुजते, छत खचेपर्यंत कळतही नाही.

मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरातल्या बर्बर गावांत अशीच सपाट धाबी, अशीच पायरीवर पायरी. बर्बर वसाहतीचा हा पुरावा मानतात, आणि त्यात तथ्य आहे. पण दोन्हीकडे लाकूड आखूड, पाऊस कमी आणि सपाट जागा दुर्मीळ, हेही विसरू नये. अंजीर, मिरची, मका वाळवायला गावात दुसरी सपाट जागाच नाही. गल्लीवरून एका घरातून दुसऱ्या घराला जोडणारी झाकलेली खोली, 'तिनाओ', हीसुद्धा जागेच्या याच टंचाईतून आलेली. पांढरा चुना मात्र जुना नाही. भिंती पूर्वी उघड्या दगडाच्या, डोंगराच्याच रंगाच्या होत्या. गावेच्या गावे पांढरी झाली ती अलीकडच्या काळात.

आता माणसांची गोष्ट. 2 जानेवारी 1492 रोजी ग्रानादा पडले. शेवटचा सुलतान बोआब्दिल याला आल्पुखाराची जहागीर मिळाली. तो लाउखारला राहिला आणि 1493 मध्ये समुद्र ओलांडून मोरोक्कोतल्या फेजला निघून गेला. तहात धर्म आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन होते, पण 1499 मध्ये सक्तीची धर्मांतरे सुरू झाली, डोंगर पेटला आणि 1501 पर्यंत बंड मोडले गेले. मशिदींची चर्चे झाली, मशिदींच्या जमिनी चर्चला गेल्या. बाप्तिस्मा दिलेल्या या लोकांना मोरिस्को म्हणू लागले. 1 जानेवारी 1567 रोजी स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याचा हुकूम जाहीर झाला: अरबी बोलणे तीन वर्षांत सोडा, पोशाख, नावे, स्नानगृहे बंद. 1568 च्या नाताळात उठाव झाला. वालोर गावाशी नाते असलेल्या सरदाराने आबेन उमेया हे नाव घेऊन राजेपद धारण केले. पुढच्याच वर्षी त्याच्याच माणसांनी त्याला मारले. त्याच्यामागून आलेला आबेन आबो 1571 मध्ये मारला गेला.

त्याआधीच, नोव्हेंबर 1570 मध्ये, ग्रानादा राज्यातून सुमारे 80,000 मोरिस्कोंना बाहेर काढून उत्तरेकडच्या कास्तीया राज्यभर विखुरले होते. 1609 ते 1614 मध्ये स्पेनमधूनच सर्व मोरिस्कोंची हकालपट्टी झाली. रिकाम्या झालेल्या ग्रानादात राजाने बारा हजारांवर कुटुंबे आणून वसवली, आंदालुसियाच्या इतर भागांतून, कास्तीयातून, गालिसियातून. तरी बरीच गावे ओसच राहिली. जमीन वाटण्यासाठी मोजणीच्या वह्या तयार झाल्या, 'लिब्रो दे आपेओ'. कोणता मळा, किती झाडे, कोणत्या पाटाचे पाणी, कोणाची पाळी, हे जुन्या जाणत्यांना विचारून लिहून घेतले. नव्या माणसाला तुतीचे काम नीट जमले नाही, रेशीम खालावले. पण पाणी ज्या नियमाने वाहत होते त्याच नियमाने वाहू द्यावे लागले, कारण दुसरा नियम त्या उतारावर चालत नाही. नमाज गेली, भाषा गेली, पण पाण्याचे शब्द स्पॅनिशमध्ये शिरून बसले.

खरी गळती विसाव्या शतकाच्या मध्यात लागली. तरुण कातालोनियाला, जर्मनीला कामाला गेले. पाटकरी राहिले नाहीत आणि वरचे कारेओ बुजले. पोकेइरा दरीला 1982 मध्ये ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, 1999 मध्ये सिएरा नेवादा राष्ट्रीय उद्यान झाले. घरांचे बाहेरचे रूप त्यामुळे वाचले, जरी आता लाउनाखाली जलरोधक प्लास्टिक अंथरणे रूढ झाले आहे. पाटांसाठी 2014 पासून ग्रानादा विद्यापीठाचे पुरातत्त्व संशोधक, शेतकरी आणि स्वयंसेवक मिळून गाळ काढत आहेत. कामाची रीत साधी: जुना पाट शोधायचा, साचलेली माती फावड्याने काढायची, कापलेली कड दगड आणि गवताच्या ढेकळांनी बांधायची, सिमेंट वापरायचे नाही. मग पाटाच्या तोंडावरचा दगड बाजूला करायचा, आणि पाण्याच्या पुढे पुढे चालत ते कुठे अडते ते पाहायचे.