वकिलीची सनद कोणत्या देशात कशी मिळते: प्रकार, पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रे

कायद्याची पदवी हातात आली की लगेच वकिली सुरू करता येते, असं फार थोड्या ठिकाणी घडतं. पदवी विद्यापीठ देतं, सनद मात्र दुसरंच कोणीतरी देतं. कुठे बार कौन्सिल, कुठे न्यायालय, कुठे वकिलांची प्रादेशिक संस्था. त्यामुळे परदेशात वकिली करायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट तपासा: तुम्हाला जे काम करायचं आहे, ते त्या देशात कोणत्या प्रकारच्या वकिलासाठी राखून ठेवलेलं आहे? कोर्टात उभं राहणं, दावा दाखल करणं, अशिलाचे पैसे सांभाळणं, मिळकतीचे दस्त करणं, नुसता सल्ला देणं, ही सगळी कामं काही देशांत एकच माणूस करतो आणि काही देशांत तीन-चार वेगवेगळे लोक. चुकीच्या प्रकारासाठी अर्ज केला तर दोन-तीन वर्षं आणि बरेच पैसे वाया जातात.

इंग्लंड: सॉलिसिटर आणि बॅरिस्टर

इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिलीचे दोन मुख्य प्रकार आहेत. सॉलिसिटर अशिलाशी थेट बोलतो, करार करतो, प्रकरणाचे कागद तयार करतो. बॅरिस्टर मुख्यतः युक्तिवाद आणि तज्ज्ञ सल्ला देतो, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे काम सॉलिसिटरमार्फतच येतं. ही भिंत आता पूर्वीइतकी पक्की नाही. जादा पात्रता मिळवलेला सॉलिसिटर वरिष्ठ न्यायालयातही उभा राहू शकतो, आणि काही बॅरिस्टर थेट अशिलाचं कामही घेतात. सनदेचे रस्ते मात्र अजून वेगळेच आहेत.

सॉलिसिटर व्हायचं असेल तर १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा लागू आहे. पदवी हवी, पण ती कायद्याचीच हवी असं नाही. एसक्यूई-१ मध्ये दोन पेपर, प्रत्येकात १८० बहुपर्यायी प्रश्न. एसक्यूई-२ मध्ये प्रत्यक्ष कामाची परीक्षा असते: अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदा, कायदेशीर संशोधन. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पूर्ण करता येतो. परीक्षेच्या प्रत्येक भागासाठी सहा वर्षांत तीन संधी. शेवटी चारित्र्याची तपासणी. दुसऱ्या देशात आधीच पूर्ण सनद असलेल्यांना दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही. त्यांना परीक्षेच्या काही भागातून सूटही मागता येते, पण ती सरसकट मिळत नाही. तुमचा अनुभव नेमका कशाला समतुल्य आहे, हे दाखवावं लागतं.

बॅरिस्टरचा रस्ता दिसायला सरळ आहे. कायद्याची पदवी, किंवा दुसऱ्या विषयाची पदवी अधिक कायद्याचा रूपांतर अभ्यासक्रम. मग बारचा व्यावसायिक अभ्यासक्रम. त्याच काळात लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चारपैकी एका इनचं, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेचं, सदस्यत्व घेऊन तिथली दहा सत्रं पूर्ण करायची. गांधी इनर टेंपलचे आणि आंबेडकर ग्रेज इनचे. त्या काळी इनमध्ये ठरावीक रात्रभोजनांना हजर राहणं हा पात्रतेचाच भाग होता, आणि त्याची खूण आजच्या सत्रांमध्येही उरलेली आहे.

यानंतर 'कॉल टू द बार', म्हणजे इनकडून बॅरिस्टर म्हणून औपचारिक प्रवेश, होतो, आणि बरेच जण इथेच फसतात. कॉल झाला म्हणजे बॅरिस्टर ही पदवी मिळाली, पण वकिली करायची परवानगी मिळाली नाही. त्यासाठी पुपिलेज म्हणजे साधारण एका वर्षाची उमेदवारी करावी लागते. पहिले सहा महिने अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली पाहायचं, शिकायचं, आणि पुढचे सहा महिने देखरेखीखाली स्वतःची प्रकरणं चालवायची. पुपिलेजच्या जागा उमेदवारांच्या मानाने फार कमी असतात. माझं मत विचाराल तर पुपिलेजची शक्यता न तपासता बार अभ्यासक्रमाची भलीमोठी फी भरणं हा शुद्ध जुगार आहे.

अमेरिका: एकच प्रकार, पण राज्यागणिक सनद

अमेरिकेत सॉलिसिटर-बॅरिस्टर असा भेद नाही. मात्र सनद देशाची नसते, राज्याची असते. न्यूयॉर्कचा वकील कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात आपोआप उभा राहू शकत नाही.

नेहमीचा मार्ग असा: कोणत्याही विषयाची पदवी, मग तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी, मग त्या राज्याची बार परीक्षा, व्यावसायिक नीतिमत्तेची एमपीआरई ही स्वतंत्र परीक्षा, आणि चारित्र्य-तपासणी. परीक्षा वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि जुलैमध्ये होते. बऱ्याच राज्यांनी युनिफॉर्म बार एक्झाम ही सामाईक परीक्षा स्वीकारली आणि तिचे गुण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याची सोय झाली. जुलै २०२६ पासून काही राज्यं नेक्स्टजेन नावाच्या नव्या परीक्षेकडे वळत आहेत, त्यामुळे जुनी मार्गदर्शक पुस्तकं विकत घेण्याआधी आपल्या राज्याचं वेळापत्रक बघा.

अपवाद मजेशीर आहेत. विस्कॉन्सिनमध्ये तिथल्याच लॉ स्कूलचे पदवीधर बार परीक्षा न देता सनद घेऊ शकतात. कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हरमाँट आणि वॉशिंग्टनमध्ये लॉ स्कूलला न जाता वकिलाच्या कार्यालयात किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली अभ्यास करून परीक्षेला बसता येतं. वाचायला सोपं वाटतं, पण त्या रस्त्याने सनदेपर्यंत पोचणारे मोजकेच.

परदेशी पदवीधरांसाठी न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया ही दोन दारं प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्कमध्ये बार परीक्षा मंडळ तुमची पदवी तपासतं. कॉमन लॉ देशातली (इंग्लंड-भारतासारखी, न्यायालयांच्या निवाड्यांवर उभी असलेली पद्धत), पुरेशा कालावधीची पदवी असेल तर थेट परीक्षेची परवानगी मिळू शकते. कालावधीत किंवा पद्धतीत कमतरता असेल तर मान्यताप्राप्त अमेरिकी लॉ स्कूलमधून किमान २४ क्रेडिटची एलएलएम (कायद्याची मास्टर पदवी) करून ती भरून काढायची. त्या एलएलएममध्ये व्यावसायिक नीतिमत्ता, कायदेशीर लेखन असे ठरावीक विषय असावेच लागतात आणि ती दूरशिक्षणाने चालत नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून हे लेखी विचारून घ्या, कारण प्रत्येक एलएलएम या नियमात बसत नाही. न्यूयॉर्कमध्ये याखेरीज ५० तासांचं मोफत कायदेशीर काम केल्याचा पुरावाही लागतो. कॅलिफोर्नियात परदेशात आधीच सनद असलेला वकील एलएलएमशिवायही परीक्षेला बसू शकतो.

जर्मनी, फ्रान्स, जपान

जर्मनीत न्यायाधीश, सरकारी वकील आणि खासगी वकील यांची घडण एकाच साच्यातून होते. विद्यापीठात साडेचार-पाच वर्षं, मग पहिली राज्यपरीक्षा, मग दोन वर्षांचं रेफरेंडारियाट, म्हणजे दिवाणी न्यायालय, सरकारी वकिलाचं कार्यालय, प्रशासन आणि वकिलाचं ऑफिस अशी फिरती उमेदवारी, जिच्यासाठी सरकार भत्ता देतं. त्यानंतर दुसरी राज्यपरीक्षा. गुण शून्य ते अठरा, उत्तीर्ण व्हायला चार. नऊच्या पुढे गेलेल्या उमेदवाराकडे मोठ्या लॉ फर्म वळून बघतात, इतकं मूल्यमापन कडक. दोन्ही परीक्षा झालेला माणूस न्यायाधीशपदासाठीही पात्र असतो. वकिली करायची तर तो प्रादेशिक वकील-चेंबरकडे अर्ज करतो. दिवाणी प्रकरणांत जर्मनीच्या सर्वोच्च संघीय न्यायालयात, म्हणजे कार्ल्सरूहला, उभं राहायची मुभा मात्र खास निवडलेल्या मूठभर वकिलांनाच आहे.

फ्रान्समध्ये कायद्याची मास्टर पदवी, मग वकिली-शाळेची प्रवेशपरीक्षा. ती वर्षातून एकदाच होते आणि जास्तीत जास्त तीनदा देता येते. मग शाळेतलं प्रशिक्षण, कापा हे वकिलीच्या पात्रतेचं प्रमाणपत्र आणि शपथ. फ्रेंच वकिलाच्या शपथेत प्रतिष्ठा, सदसद्विवेक, स्वातंत्र्य, सचोटी आणि माणुसकी असे पाच शब्द आहेत. अंमलबजावणी आणि नोटिशी बजावण्याचं काम वकिलाकडे नाही. त्यासाठी १ जुलै २०२२ पासून कॉमिसेर द ज्युस्तीस हा वेगळा व्यवसाय आहे.

जपानमध्ये न्यायालयात अशिलाची बाजू मांडणारा तो बेंगोशी. लॉ स्कूल २००४ पासून सुरू झाली. लॉ स्कूल टाळायची असेल तर २०११ पासून पूर्वपरीक्षेचा पर्याय आहे, आणि ती फार अवघड आहे. बार परीक्षेसाठी पाच वर्षांत पाच संधी, नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रशिक्षण संस्थेच्या देखरेखीखाली सुमारे वर्षभर प्रशिक्षण आणि पुन्हा एक परीक्षा. पण जमीन आणि कंपनीची नोंदणी बहुतेक वेळा शिहो-शोशी हा वेगळा व्यावसायिक करतो. तो ठरावीक पात्रता मिळवून लहान न्यायालयात १४ लाख येनपर्यंतच्या दाव्यात उभाही राहू शकतो. जपानमध्ये साधा दस्त करायला बेंगोशीची फी मोजण्याआधी हे माहीत असावं. परदेशी वकिलाला तिथे नोंदणी करून आपल्या मायदेशाच्या कायद्यावर सल्ला देता येतो, जपानी कायद्यावर नाही.

भारत

१९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकील, प्लीडर, मुखत्यार अशा जुन्या श्रेणी मोडीत काढून ॲडव्होकेट हा एकच वर्ग केला. मुंबई आणि कलकत्ता उच्च न्यायालयांतली ॲटर्नीची (इंग्लंडच्या सॉलिसिटरसारखी) वेगळी पद्धत त्यानंतरही टिकली. ती १९७६ च्या दुरुस्तीने संपली. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, वय २१ पूर्ण, राज्य बार कौन्सिलमध्ये नोंदणी, मग अखिल भारतीय बार परीक्षा. कायद्यातली नोंदणी फी एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याहून जास्त नोंदणी फी घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करायला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड लागतो. त्यासाठी चार वर्षांची वकिली, मग एक वर्षाचं प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा. परदेशातून मान्यताप्राप्त पदवी घेऊन आलेल्या भारतीय नागरिकाला आधी बार कौन्सिल ऑफ इंडियाची पात्रता परीक्षा द्यावी लागते.

नोटरीबद्दल सावध राहा

सर्वात जास्त गैरसमज इथे होतात. अमेरिकेत नोटरी पब्लिक म्हणजे सही खरी असल्याची साक्ष देणारा माणूस, आणि तो वकील असायची गरज नाही. फ्रान्स, इटली, स्पेन, क्वेबेकमध्ये नोटरी हा पूर्ण प्रशिक्षित कायदेतज्ज्ञ असतो. त्याने केलेला दस्त पुराव्यात फार वरच्या दर्जाचा मानला जातो, आणि फ्रान्समध्ये घरविक्री त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. तो दोन्ही पक्षांचा असतो, एकाचा नाही. लॅटिन अमेरिकेतही नोटरीचा असाच दर्जा असतो, म्हणून अमेरिकेत तिथून आलेल्या लोकांना 'नोटारियो' अशी पाटी लावून फसवणारे असतात, आणि त्याविरुद्ध अनेक राज्यांनी कायदे केले आहेत. इंग्लंडची तऱ्हा आणखी वेगळी: तिथल्या नोटरींची नेमणूक आजही कँटरबरीच्या आर्चबिशपच्या फॅकल्टी ऑफिसकडून होते.

सनद दुसऱ्या देशात नेताना

युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशाने वाट बरीच मोकळी केली. एका सदस्य देशाचा वकील दुसऱ्या सदस्य देशात मूळ पदनामानेच नोंदणी करून काम करू शकतो. तिथल्या कायद्याची तीन वर्षं नियमित वकिली दाखवली की तिथलं पदनामही मागू शकतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश वकिलांना हे दार बंद झालं. कॅनडात क्वेबेक सोडून इतर प्रांतांसाठी परदेशी पदवीची तपासणी एनसीए ही राष्ट्रीय समिती करते, कोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते सांगते, आणि मग प्रांताच्या लॉ सोसायटीच्या अटी येतात. ऑस्ट्रेलियात पदवीत प्रीस्टली इलेव्हन म्हणून ओळखले जाणारे अकरा विषय आहेत का, हे पाहिलं जातं. राहिलेले पूर्ण करून व्यावहारिक प्रशिक्षण घ्यायचं.

कागदपत्रं

सगळीकडे साधारण हेच मागतात: पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, सनदेची प्रत, सर्टिफिकेट ऑफ गुड स्टँडिंग (सनद चालू आणि निष्कलंक असल्याचा सनद देणाऱ्या संस्थेचा दाखला), पासपोर्ट, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, आणि भाषा वेगळी असेल तर अधिकृत अनुवाद. पण खरी अडचण कागदाच्या वाटेत असते. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी गुणपत्रिका विद्यापीठाने थेट मंडळाकडे पाठवलेल्याच ग्राह्य धरतात. उमेदवाराने आणलेली चकचकीत प्रत कितीही खरी असली तरी चालत नाही. विद्यापीठाचा परीक्षा विभाग आणि परदेशातलं मंडळ यांच्यात हे पत्र जायला महिने लागू शकतात, म्हणून हे काम परीक्षेचा अभ्यास सुरू करण्याच्याही आधी हाती घ्या. गुड स्टँडिंगचं प्रमाणपत्र मात्र शेवटी काढा, कारण ते ताजंच लागतं आणि जुनं झालं की परत काढावं लागतं.

अपोस्टिल, म्हणजे एका सदस्य देशाचा सरकारी कागद दुसऱ्यात खरा मानला जावा म्हणून लावलेलं एकच प्रमाणपत्र, ही सोय ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आली. चीन नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून त्यात आहे. दूतावासाचा शिक्का घ्या असं सांगणारी जुनी माहिती कॅनडासाठी कालबाह्य आहे. करारात नसलेल्या देशासाठी मात्र दूतावासाचा फेरा चुकत नाही.

नावातला फरक बघून घ्या. पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरं, लग्नानंतर तिसरं, असं असेल तर प्रतिज्ञापत्र आणि नावबदलाचा पुरावा अर्जासोबतच जोडा. चारित्र्याच्या फॉर्ममध्ये जुना दंड, कॉलेजातली शिस्तभंगाची कारवाई, थकलेलं कर्ज, जे विचारलं असेल ते सगळं लिहा. किरकोळ गोष्टीमुळे सनद क्वचितच अडते. ती गोष्ट लपवल्याचं उघड झालं, तर नक्की अडते.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही काहींचं घड्याळ चालूच असतं. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत सनदेसाठी अर्ज करावा लागतो, आणि इंग्लंडमध्ये बार अभ्यासक्रम संपल्यापासून पाच वर्षांत पुपिलेज सुरू व्हावं लागतं. मुदत टळली तर निकाल हातात असूनही पुन्हा परवानगी मागत बसावं लागतं.