अपडेटनंतर कम्प्युटर सुरू न होणं

अपडेट टाकलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि नेहमीच्या लॉगिन स्क्रीनपर्यंत पोचलंच नाही, असा हा प्रकार. अपडेट ऑपरेटिंग सिस्टिमचं असू शकतं, ग्राफिक्स ड्रायव्हरचं, अँटिव्हायरसचं किंवा थेट बायोसचं (मदरबोर्डवरचं, मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर). लक्षणं वेगवेगळी दिसतात. कुणाला नुसती काळी स्क्रीन, कुणाला कंपनीचा लोगो आणि खाली गोल फिरत राहणारे ठिपके, कुणाला एरर कोडवाली निळी स्क्रीन (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ती काळी झालीय), तर कुणाचं मशीन आपलं आपणच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसतं, ज्याला बूट लूप म्हणतात. यातल्या बहुतेक केसेसमध्ये डिस्कवरचा डेटा जागच्या जागी असतो, फक्त तिथपर्यंत जायचा रस्ता बंद झालेला असतो. डेटा खरा जातो तो नंतर, घाबरून कुणीतरी फॉरमॅट मारतं तेव्हा.

असं का होतं

चालू सिस्टिमच्या बऱ्याच फाइल्स वापरात असतात, त्यामुळे अपडेटला त्या जागेवर बदलता येत नाहीत, म्हणून ते नव्या फाइल्स बाजूला तयार ठेवतं आणि खरी अदलाबदल रीस्टार्टच्या वेळी करतं. त्या पाच-दहा मिनिटांत लाइट गेली, बॅटरी संपली किंवा कुणी वैतागून पॉवर बटण दाबून धरलं तर अर्धं जुनं, अर्धं नवं अशी खिचडी होते. कधी अपडेट नीट बसतं पण नवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि जुना ड्रायव्हर यांचं जमत नाही. कधी बूट पार्टिशनमध्ये (सुरू होताना लागणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा कप्पा) जागाच उरलेली नसते. आणि कधी डिस्कच मरायला टेकलेली असते, अपडेट एकदम हजारो फाइल्स लिहायला घेतं आणि तिचे खराब सेक्टर तेव्हा पहिल्यांदा उघडे पडतात.

अजून एक गोष्ट आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. अपडेटमुळे होणारा रीस्टार्ट हा बऱ्याच मशीन्सचा कित्येक आठवड्यांतला पहिला खरा रीस्टार्ट असतो. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो, बंद होत नाही, आणि विंडोज ८ पासून (२०१२) आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे रोज शट डाउन केलं तरी कर्नल हायबरनेट होऊन डिस्कवर जपलेला असतो, पूर्ण नव्याने बूट होतं ते फक्त रीस्टार्ट दिल्यावर. म्हणजे मधल्या काळात कुठलं सॉफ्टवेअर टाकलं, कुठली सेटिंग बदलली, कुठली डिस्क काढली, त्याचा हिशेब अपडेटच्या दिवशी चुकता होतो आणि बिल फाटतं अपडेटच्या नावाने. लिनक्सवर याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे एफएसटॅब फाइल, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी. कुणीतरी एक्स्टर्नल डिस्कची ओळ त्यात घातलेली असते, डिस्क नंतर काढून ठेवलेली असते, कर्नल अपडेटनंतर मशीन सुरू होताना ती डिस्क दीड मिनिट शोधतं आणि सरळ इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडतं. कर्नलचा काही संबंध नसतो, पण शिव्या त्यालाच.

आधी बघायचं, अडकलंय कुठे

दुरुस्तीचं अर्धं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच सोडून थेट कमांड शोधायला लागतात. मशीन सुरू होताना टप्पे ठरलेले आहेत: वीज आणि हार्डवेअर तपासणी, मग यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) किंवा जुना बायोस, मग बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिमला उठवणारा छोटा प्रोग्रॅम), मग कर्नल आणि ड्रायव्हर, आणि शेवटी लॉगिन व डेस्कटॉप. पंखा नाही, दिवा नाही, लोगोही नाही, तर विंडोज अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही, ते त्या टप्प्यापर्यंत पोचलेलंच नसतं (बायोस अपडेट केलं असेल तर गोष्ट वेगळी). लोगो येतो पण पुढे बूट डिव्हाइस सापडत नाही असा मेसेज, तर बूटलोडर किंवा डिस्क. ठिपके फिरतात आणि मग निळी स्क्रीन, तर कर्नल किंवा ड्रायव्हर. लॉगिन होतं आणि पुढे काळोख, माउसचा बाण मात्र हलतो, तर प्रकरण तसं हलकं आहे, डिस्प्ले ड्रायव्हर किंवा डेस्कटॉप अडकलाय. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, किंवा कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर नव्याने चालू करता येतो.

त्याच्याही आधी दोन कामं. एक, थांबायचं. मोठं अपडेट एखाद्या टक्क्यावर तासभर बसू शकतं, जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर त्याहून जास्त, आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असं समजायचं. दोन, कीबोर्ड-माउस सोडून बाकी सगळं काढायचं: पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क, डॉक, प्रिंटर, कार्ड रीडरमधलं कार्ड. बायोस कधीकधी पेनड्राइव्हवरूनच बूट करायला बघतो आणि तिथे काही नसलं की हटून बसतो. ऐकायला फालतू वाटतं पण हे करून बघायला काही लागत नाही.

विंडोजवर

विंडोज लागोपाठ दोन-तीनदा अर्धवट सुरू होऊन पडलं की स्वतःच रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (दुरुस्तीची वेगळी स्क्रीन) उघडतं. होत नसेल तर ठिपके दिसताच पॉवर बटण दाबून बंद करणं हे दोनदा केलं की तिसऱ्यांदा येतं. जुनं एफ ८ विंडोज ८ पासून सहसा चालत नाही, उगीच कीबोर्ड बडवत बसू नये. ट्रबलशूटमधून अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेलं की स्टार्टअप रिपेअर सगळ्यात वर दिसतं म्हणून सगळे तेच दाबतात, पण अपडेटनंतरचं आजारपण असेल तर आधी अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे दोन पर्याय असतात, क्वालिटी अपडेट म्हणजे दर महिन्याचं आणि फीचर अपडेट म्हणजे मोठं व्हर्जन, यातलं जे नुकतंच आलंय ते काढायचं. फीचर अपडेट मागे घ्यायची सोय साधारण १० दिवसच असते, नंतर विंडोज जुन्या फाइल्स पुसून टाकतं. त्याने भागलं नाही तर सिस्टिम रिस्टोअर, आणि मग स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड (गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज). सेफ मोड चालतो म्हणजे विंडोजचा गाभा ठीक आहे, गोंधळ कुठल्यातरी ड्रायव्हरचा किंवा स्टार्टअप प्रोग्रॅमचा आहे, हीच एक मोठी माहिती.

कमांड प्रॉम्प्टपर्यंत जायची वेळ आली तर पहिली ठेच लागते ती ड्राइव्हच्या अक्षरांची. रिकव्हरीत सी ड्राइव्ह हा सी असेलच असं नाही, डी किंवा ई झालेला असतो, म्हणून आधी एकेका अक्षरावर डीआयआर (आतल्या फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) मारून यूजर्स आणि विंडोज हे फोल्डर कुठे आहेत ते बघायचं आणि मगच पुढच्या कमांड द्यायच्या, नाहीतर कमांड चालते, काही सापडलं नाही म्हणते आणि आपण समजतो सगळं गेलं. अर्धवट बसलेलं अपडेट मागे घ्यायला डिस्म या कमांडचा रिव्हर्ट पेंडिंग अॅक्शन्स हा पर्याय आहे, खराब सिस्टिम फाइल्सना एसएफसी (ऑफलाइन पद्धतीने, विंडोजचा फोल्डर दाखवून), डिस्कला चेकडिस्क. बूटलोडर गेला असेल तर बूटरेक कमांडच्या फिक्सबूटपेक्षा बीसीडीबूट ही कमांड बरी, कारण यूईएफआय मशीनवर फिक्सबूट बऱ्याचदा अॅक्सेस डिनाइड म्हणून हात वर करतं.

यातलं काही करायच्या आधी डेटा काढून घ्यावा आणि त्याला लाइव्ह पेनड्राइव्हच (ज्यावरून दुसरी सिस्टिम थेट सुरू होते) लागतो असं नाही. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड टाइप करून एंटर मारलं की नोटपॅड उघडतं. त्याच्या फाइल मेनूतून ओपन करायचं, खाली ऑल फाइल्स निवडायचं, की समोर चक्क छोटा फाइल एक्सप्लोरर असतो. त्यातून राइट क्लिक करून फोल्डर कॉपी करायचा आणि एक्स्टर्नल डिस्कवर पेस्ट. कॉपी चालू असताना पुढे सरकणारी पट्टी वगैरे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, धीर धरायचा.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची सोय. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर रिकव्हरी ४८ अंकी की मागते, सहा-सहाचे आठ गट. बऱ्याच लोकांना आपली डिस्क एन्क्रिप्ट आहे हेच त्या क्षणी कळतं, कारण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हे आपोआप चालू झालेलं असतं. की सहसा त्याच अकाउंटवर सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते, स्क्रीनवर दिसणारा की आयडी जुळवून घ्यायचा. ऑफिसचं मशीन असेल तर की आयटीवाल्यांकडे. कुठेच नसेल तर मग डेटाचा विषय संपला, फॉरमॅट करून मशीन परत मिळेल, फाइल्स नाही.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर एक मोठी सोय आहे, नवा कर्नल आला तरी जुना लगेच काढला जात नाही. सुरू होताना शिफ्ट धरून ठेवला किंवा यूईएफआय मशीनवर एस्केप दाबला की ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) मेनू येतो, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचा कर्नल निवडायचा. त्याने मशीन उठलं तर दोषी सापडला. एनव्हिडियावाल्यांचं दुखणं वेगळं: ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बनलंच नाही किंवा सिक्युअर बूटने (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) ते सहीशिवाय घेतलं नाही, की समोर काळी स्क्रीन. ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहायचं आणि एफ १० ने बूट करायचं, निदान आत तरी जाता येतं. बूट पार्टिशन भरलेलं असेल तर इनिटरामएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्सचं गाठोडं) अर्धवट लिहिलं जातं आणि कर्नल रूट पार्टिशन मिळत नाही म्हणून पॅनिक करतो. तेव्हा लाइव्ह यूएसबीवरून चरूट करून (डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून) जुने कर्नल काढायचे आणि इनिटरामएफएस नव्याने बनवायचं.

मॅकवर करण्यासारखं कमी आहे आणि बिघडण्यासारखंही. इंटेल मॅकवर शिफ्ट धरून सेफ मोड, कमांड-आर धरून रिकव्हरी. अॅपलच्या चिपवाल्या मॅकवर पॉवर बटणच धरून ठेवायचं. रिकव्हरीतून मॅकओएस पुन्हा टाकलं तर डेटा जात नाही, आधी डिस्क इरेज केली तरच जातो. फर्मवेअरच बिघडलं असेल तर दुसऱ्या मॅकला केबलने जोडून रिव्हाइव्ह करतात. रिव्हाइव्ह आणि रिस्टोअर ही बटणं शेजारीशेजारी असतात आणि रिस्टोअर सगळं पुसतं, तेवढं बघून दाबावं. नोव्हेंबर २०२० मध्ये बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीच्या वेळी २०१३ आणि २०१४ चे काही १३ इंची मॅकबुक प्रो काळ्या स्क्रीनवर अडकले होते.

बायोस अपडेटनंतर

इथे फसवणूक होते ती अशी. अपडेट व्यवस्थित होतं, पण बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात. स्टोरेजचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आधी रेड (RAID) होता तो एएचसीआय झाला (किंवा उलट), की विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसत नाही आणि इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असा एरर येतो. लोक विंडोज पुन्हा टाकायला घेतात, खरं तर बायोसमध्ये जाऊन एक सेटिंग परत फिरवली की मशीन सुरू. टीपीएम या सुरक्षा चिपची मोजमापं बदलल्यामुळे बिटलॉकर की मागतो तेही याच वेळी, म्हणून बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर थोडा वेळ सस्पेंड करतात. बायोस फ्लॅश होताना, म्हणजे चिपवर लिहिला जाताना, मधेच लाइट गेली असेल तर मात्र बोर्डवर फ्लॅशबॅक बटण असलं तर पेनड्राइव्हवरून वाचतं, नसलं तर दुकान गाठायचं.

गाजलेल्या घटना

२१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस समजून उचलली आणि मशीन्स रीस्टार्टच्या चक्रात गेली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींचे पॅच काही जुन्या एएमडी प्रोसेसरच्या मशीन्सवर बसल्यावर ती उठेनात, तेव्हा मायक्रोसॉफ्टला त्या मशीन्ससाठी वाटप थांबवावं लागलं. जुलै २०२० मध्ये ग्रबमधलं बूटहोल भगदाड बुजवणारं अपडेट टाकल्यावर रेड हॅटचे काही सर्व्हर बूटच होईनात. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने तर शेजारच्या पार्टिशनवरचं लिनक्स बंद पाडलं, ड्युअल बूटवाल्यांना समोर एसबॅट (बूटलोडर जुना, असुरक्षित नाही ना हे बघणारी) तपासणी फेल झाल्याचा मेसेज.

सगळ्यात मोठी घटना १९ जुलै २०२४ ची, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची. हे विंडोजचं अपडेट नव्हतं, सिक्युरिटी सॉफ्टवेअरची एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल होती. सेन्सरला (मशीनवर बसलेल्या त्यांच्या प्रोग्रॅमला) २० फील्ड अपेक्षित होती, नव्या फाइलच्या हिशेबाने २१ वं वाचायला गेला आणि कर्नलमध्येच कोसळला. फाइल यूटीसी वेळेनुसार ०४:०९ ला सुटली, ०५:२७ ला मागे घेतली गेली, तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्स पडली. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची, पण तो प्रत्येक मशीनसमोर बसून, बिटलॉकरची की टाकून करायचा होता, आणि त्यातच दिवस गेले. काही क्लाउड मशीन्सना नुसतंच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून, कधी १५ वेळा, जमलं, कारण कोसळायच्या आत नेटवर दुरुस्त फाइल मिळाली की सुटका.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये क्विक मशीन रिकव्हरी आणली, यात बूट न होणारं मशीन रिकव्हरीतूनच नेटला जोडून कंपनीकडची दुरुस्ती स्वतः उतरवून घेतं. बाकीच्यांनी वेगळे मार्ग आधीच काढलेत: क्रोमओएस आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासूनचे बरेच फोन सिस्टिमच्या दोन प्रती ठेवतात, नवी चालली नाही तर जुनीवर परत, आणि ओपनसूझे या लिनक्समध्ये अपडेटच्या आधी आपोआप स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला जातो जो ग्रबमधूनच निवडता येतो. विंडोजची रिकव्हरी मात्र स्वतःही अपडेटच्या तावडीतून सुटलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले, नेहमीच्या विंडोजमध्ये दोन्ही ठणठणीत, फक्त अडचणीच्या स्क्रीनवर एकही बटण दाबता येईना. दुरुस्तीचं वेगळं अपडेट २० ऑक्टोबरला आलं, पण ते टाकायला विंडोज सुरू होणं गरजेचं होतं.