इपॉक्सी दोऱ्याचा रंग खातं का?

सातारा-सांगलीकडे गळाचा रॉड विकत न घेता घरी बांधणारे आता बरेच दिसतात. ब्लँक, म्हणजे कार्बनची किंवा फायबरची नुसती काठी, ऑनलाइन मागवायची. लाइन ज्यांतून ओवली जाते त्या कड्या, म्हणजे गाईड, नायलॉनच्या बारीक दोऱ्याने ब्लँकवर आवळायच्या आणि वरून दोन भागांच्या इपॉक्सीचा चकचकीत थर द्यायचा. या शेवटच्या पायरीवर हमखास एक तक्रार येते. भगवा दोरा विटकरी झाला, आकाशी गडद निळा झाला, पिवळा शेवाळी झाला. मग कुणी म्हणतं दोरा कच्च्या रंगाचा होता, तर कुणी म्हणतं इपॉक्सीने रंग खाल्ला.

दोन्ही चूक. पांढऱ्या दोऱ्याला तर उतरायला रंगच नसतो, तरी काळ्या ब्लँकवर इपॉक्सी लागताच तो जवळपास दिसेनासा होतो. घरी बघायचं असेल तर काळ्या पेन्सिलीवर पांढरा नायलॉनचा दोरा तीन-चार सेंटिमीटर वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. एका टोकाला पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या टोकाला शेंगदाण्याच्या तेलाचा. पाण्याखाली दोरा करडा होईल, तेलाखाली पेन्सिलीचा काळा रंगच वर येईल. थोड्या वेळाने पाणी उडून गेलं की तो भाग पुन्हा पांढराशुभ्र होईल. तेलाचा भाग मात्र तसाच राहील, कारण तेल उडत नाही. कंदी पेढ्यांच्या पुड्याला तुपाचा डाग पडून कागद पारदर्शक होतो, त्यामागेही हेच कारण आहे.

नायलॉनचा एकेक तंतू मुळात पारदर्शक असतो, रंगवलेला असला तरी रंगीत काचेसारखा. दोऱ्यात असे डझनावारी तंतू पिळलेले असतात आणि त्यांच्या फटींत हवा भरलेली असते. प्रकाश हवेतून तंतूत आणि तंतूतून परत हवेत जाताना प्रत्येक सीमेवर त्याचा थोडा भाग परावर्तित होतो. किती, ते दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांवर (पदार्थात प्रकाश किती मंदावतो याच्या मापावर) ठरतं, आणि त्याचं सूत्र फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात मांडलं. प्रकाश सीमेवर सरळ पडत असेल तर दोन अपवर्तनांकांची वजाबाकी भागिले बेरीज करायची आणि उत्तराचा वर्ग घ्यायचा. हवेचा अपवर्तनांक १, नायलॉनचा सुमारे १.५३. वजाबाकी ०.५३, बेरीज २.५३, वर्ग केला की साधारण ०.०४४. म्हणजे एका सीमेवर ४.४ टक्के प्रकाश मागे फिरतो.

ऐकायला हे थोडं वाटतं, पण दोऱ्यात अशा सीमा एकामागोमाग एक येतात. वीस सीमा धरल्या तर सरळ पार जाणारा प्रकाश ०.९५६ चा विसावा घात, म्हणजे ४१ टक्क्यांच्या आसपास. उरलेला ५९ टक्के प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि त्यातला बराचसा रंगीत तंतूंमधून फिरून आपल्या डोळ्यांकडे परततो. दोऱ्याचा उजळ, भरीव रंग दिसतो तो या परतणाऱ्या प्रकाशामुळे. आता फटींतली हवा काढून तिथे १.५५ अपवर्तनांकाचं इपॉक्सी भरा. वजाबाकी ०.०२, बेरीज ३.०८, वर्ग ०.००००४. एका सीमेवरचं परावर्तन हजारपटीने घटलं. वीस सीमा ओलांडूनही ९९.९ टक्के प्रकाश खाली ब्लँकपर्यंत पोहोचतो, ब्लँक काळा असला तर तिथेच शोषला जातो आणि परत फारसं काही येत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून तिथे सीमेमागे अर्धा टक्का परावर्तन उरतं. पेन्सिलीवरचा ओला भाग नुसता करडा दिसला तो त्यामुळे.

(सूत्र लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण पुढचा एक तपशील गाळवत नाही. पदार्थाचा अपवर्तनांक प्रकाशाच्या रंगानुसार किंचित बदलतो, त्यामुळे दोन वेगळ्या पदार्थांचा मेळ सगळ्या रंगांना एकदम जमत नाही. डेन्मार्कच्या क्रिस्तियानसेन यांनी १८८४ मध्ये काचेची पूड योग्य द्रवात बुडवली, तेव्हा तिच्यातून एकाच रंगाचा पट्टा स्वच्छ पार गेला आणि बाकीचे रंग विखुरले. तापमान बदललं की पार जाणारा रंगही बदलतो.)

म्हणून दोऱ्याचा उजळपणा टिकवायचा तर फटींतली हवा टिकवावी लागते. इपॉक्सीच्या आधी दोऱ्याला लावायचं कलर प्रिझर्व्हर तेच करतं. बाजारातलं बहुतेक कलर प्रिझर्व्हर म्हणजे दुधासारखं पांढरं, पाण्यात विखुरलेलं ॲक्रिलिक. ते दोऱ्यात मुरतं तेव्हा पाण्यामुळे दोरा काळवंडतो. घाबरायचं नाही. पाणी उडतं, ॲक्रिलिकचे कण एकमेकांना चिकटून तंतूंवर आणि तंतूंच्या मधे पातळ पडदा धरतात, आणि पाण्याने रिकामी केलेली जागा हवा घेते. दोरा पुन्हा उजळला की वाळण पूर्ण होत आली असं समजावं. वरून येणाऱ्या इपॉक्सीला हा पडदा आत शिरू देत नाही.

काम असं करावं. वेढे घालण्याआधी ब्लँक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. वेढे घट्ट घातल्यावर वेढ्यावेढ्यामधल्या फटी चमच्याच्या गुळगुळीत पाठीने दाबून मिटवायच्या, उभे राहिलेले तंतू स्पिरिटच्या दिव्यावरून झटकन फिरवून जाळायचे आणि नंतर दोऱ्याला बोट लावायचं नाही, कारण हाताचा तेलकटपणा जिथे बसतो तिथे प्रिझर्व्हर मुरत नाही. बाटली हलवू नये, फेस होतो, काडीने ढवळावी. मऊ ब्रशने सढळ हाताने भिजवायचं, दोरा आतपर्यंत ओला व्हायला हवा. रॉड हाताने दोन-तीन मिनिटं फिरवत ठेवायचा आणि वर उरलेलं टिश्यूने टिपून घ्यायचं. कडेला ब्लँकवर आलेला ओघळ लगेच पुसावा. तसाच राहिला तर त्या जागी इपॉक्सीची कड पुढे सुटते. दीड-दोन तासांनी दुसरा हात द्यायचा. दांड्याजवळ शोभेसाठी दोऱ्याची नक्षी केली असेल तर तिला तिसरा. मग किमान २४ तास थांबायचं.

पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे हे २४ तास पुरत नाहीत. हवाच ओली असते, ४८ तास धरावेत. ओल राहिली तर वरचं इपॉक्सी दुधाळ होतं किंवा बुडबुडे धरतं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते: प्रिझर्व्हर भराभर वाळतं, पण मिसळलेलं इपॉक्सी वाटीतच घट्ट होऊ लागतं. त्याची रासायनिक क्रिया उष्णता सोडते आणि वाटीत साठलेली उष्णता ती क्रिया आणखी वाढवते. उपाय सोपा आहे. एका वेळी ३ मिली अधिक ३ मिली इतकंच मिसळायचं (प्रमाण बाटलीवर पाहून, बहुधा सम), दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळायचं आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरून ठेवायचं. पातळ थरातून उष्णताही निघून जाते आणि बुडबुडेही. मापायला औषधाच्या दुकानातली सिरिंज वापरताना जपावं. तिच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉन तेल लावलेलं असतं, आणि ते इपॉक्सीत उतरलं की थरावर माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. इपॉक्सी लावल्यापासून चार-सहा तास रॉड सावकाश फिरता ठेवावा, नाहीतर सगळं खालच्या बाजूला ओघळतं.

सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे डाग. प्रिझर्व्हर जिथे पोहोचलं नाही तिथे इपॉक्सी शिरतं आणि भगव्या पट्ट्यावर विटकरी ठिपके उमटतात. वरून काहीही लावा, ते जात नाहीत, कारण फटीतली हवा गेलेली असते. दोरा कापून पुन्हा बांधण्यावाचून मार्ग नाही.

प्रिझर्व्हर टाळूनही उजळ रंग मिळतो. एनसीपी (नो कलर प्रिझर्व्हर, म्हणजे प्रिझर्व्हर न लागणारा) नावाने मिळणारा दोरा आधीच अपारदर्शक केलेला असतो. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पांढऱ्या रंगद्रव्याचा अपवर्तनांक २.५ च्या वर असल्यामुळे ते इपॉक्सीत बुडूनही प्रकाश विखुरत राहतं. धातूचा मुलामा असलेल्या जरीसारख्या दोऱ्यालाही काही लागत नाही. किंवा दोऱ्याखाली ब्लँकवर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून घ्यावा. दोरा पारदर्शक झाला तरी खालून पांढरा प्रकाश परततो आणि रंग झळाळतो. बांबूच्या जुन्या रॉडवर रेशमाचा दोरा व्हार्निशमध्ये पारदर्शक होऊ देतात, कारण खालच्या बांबूच्या रेषा दिसाव्यात.

दोऱ्याच्या रंगावर मासा लागतो, भगव्याला मरळ येतो आणि हिरव्याला कटला, असं काठावर खात्रीने सांगणारे भेटतात. काही जण दांड्याला काळा दोरा आणि बिब्बा बांधतात. दोऱ्याचे हे वेढे पाण्याच्या वर, माणसाच्या हातात असतात. मासा पाहतो ते आमिष, त्याची हालचाल आणि फार तर पाण्यातली लाइन. ‘मासे खेचणारी रंगसंगती’ म्हणून जास्त पैसे घेणाऱ्या जाहिरातीही बिब्ब्याच्याच पंगतीतल्या.

रंगापेक्षा मजबुतीचा प्रश्न मात्र खरा आहे. प्रिझर्व्हर नसताना इपॉक्सी दोऱ्यातून ब्लँकपर्यंत उतरतं आणि गाईडचा पाय (कडीची ब्लँकवर टेकणारी पट्टी), दोरा, ब्लँक यांचा एकच घट्ट सांधा होतो. प्रिझर्व्हर असताना मधे मऊ ॲक्रिलिक राहतं आणि इपॉक्सी कवचासारखं नुसतं वर बसतं. मोठा कटला ओढ देतो तेव्हा रॉड वाकतो, गाईडचा पाय त्या कवचाखाली हलतो आणि पायाच्या टोकाशी बारीक तडा जातो. तिथून पाणी शिरतं. म्हणून गाईडच्या बांधणीला एनसीपी दोरा वापरावा किंवा साधा दोरा गडद होऊ द्यावा, आणि प्रिझर्व्हर दांड्याजवळच्या, ताण न येणाऱ्या नक्षीपुरतं ठेवावं. नक्षीचे रंग ठरवण्याआधी त्याच ब्लँकच्या कापून उरलेल्या तुकड्यावर प्रत्येक दोऱ्याचे एक सेंटिमीटर वेढे घालून, अर्ध्या भागाला प्रिझर्व्हर लावून, सगळ्यावर इपॉक्सी देऊन पाहावं.