एचआयव्ही उपचार, गुंतागुंती आणि वैद्यकीय संशोधन : बेळगाव सीमाभाग

एचआयव्हीबाधित व्यक्तीला कोणती औषधे द्यावीत, ती केव्हा सुरू करावीत आणि वर्षानुवर्षे घेतल्यावर शरीरात काय बिघडते, हे माणसांवरील नियोजनबद्ध अभ्यासातून ठरवणारे संशोधन. ‘गुंतागुंती’ या शब्दात तीन गोष्टी मोडतात : प्रतिकारशक्ती घटल्यावर होणारे क्षयासारखे संधिसाधू आजार, औषधांचे दुष्परिणाम आणि आयुष्य वाढल्यामुळे पुढे आलेले हृदय, मूत्रपिंड व हाडांचे विकार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या मराठीभाषक पट्ट्यात या संशोधनाचे निष्कर्ष रोज गोळ्यांच्या रूपाने पोचतात. संशोधन स्वतः मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच झालेले असते.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. २००० नंतरच्या दशकात उत्तर कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, विजापूर हे जिल्हे राज्यातील अधिक लागणीच्या जिल्ह्यांत गणले जात. त्याची कारणे एका ओळीत सांगता येत नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची प्रथा, कामासाठी पुणे-मुंबई-गोव्याकडे होणारे स्थलांतर, महामार्गावरची वाहतूक आणि गरिबी या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. मुली सोडण्यावर मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये कायद्याने बंदी आली. या भागातील प्रतिबंधाच्या कामाचे श्रेय मोठ्या प्रमाणात वेश्याव्यवसायातील आणि माजी देवदासी महिलांच्या संघटनांना जाते. औषधोपचार सुरू होण्याआधीच त्यांनी एकमेकींना तपासणीसाठी दवाखान्यात नेण्याची सवय लावली होती, हे नोंदवणे आवश्यक आहे.

मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधोपचार, देशात १ एप्रिल २००४ पासून सुरू झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये पहिल्या टप्प्यात होती. औषधांच्या मोठ्या चाचण्यांची भारतीय केंद्रे प्रामुख्याने पुणे आणि चेन्नई येथे राहिली. पुण्यात भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (स्थापना १९९२) आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांतली महत्त्वाची ठिकाणे. बेळगावला चाचण्यांचा अनुभव नव्हता असे मुळीच नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली, बाळंतपणातील रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी बेळगाव जिल्ह्यातच झाली. खेड्यांतील १,६२० बाळंतिणींवरच्या या चाचणीत परिचारिकांनी घरी व उपकेंद्रांत गोळी दिली, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. गावपातळीवर काटेकोर संशोधन होऊ शकते, हे या जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. एचआयव्हीवरील औषधांच्या दुष्परिणामांबाबत तसेच काम येथे व्हायला हवे होते.

ते का हवे होते, हे स्टॅव्हुडिनच्या इतिहासावरून कळते. २००१ मध्ये सिप्ला कंपनीने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन हे त्रिकूट वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत तेव्हा दहा हजार डॉलरच्या घरात होती. या स्वस्त औषधाने असंख्य लोक वाचले. पण स्टॅव्हुडिन पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांना इजा करते. काही महिने-वर्षांनी पायाच्या तळव्यांची आग सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. गाल बसतात, हातापायांची चरबी झडून शिरा वर येतात. निपाणीत विडी वळून पोट भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने बोटांची संवेदना जाणे म्हणजे दिवसाची मजुरी जाणे. बसलेले गाल तर गावात आजाराची दवंडीच पिटत. जे तिने कोणाला सांगितले नव्हते ते चेहरा सांगून टाकी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि भारतातही ते मागे पडले. चरबी गेलेले चेहरे मात्र पुरते भरून आले नाहीत, आणि अनेकांच्या पायांची आग औषध बदलल्यावरही राहिली.

इतर जुन्या औषधांचे दुष्परिणाम थोडक्यात असे : झिडोव्हुडिनने रक्तक्षय होतो, म्हणून हिमोग्लोबिन ९ ग्रॅमच्या खाली असल्यास ते टाळत. आधीच रक्त कमी असलेल्या बायकांची आपल्याकडे वाण नसल्याने ही अट वारंवार आडवी येई. नेव्हिरापिनने अंगावर पुरळ येते, क्वचित यकृत धोक्यात येते. एफाव्हिरेन्झने चक्कर येते आणि भयंकर स्वप्ने पडतात, म्हणून ते झोपताना घ्यायला सांगत. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याने ती गोळी नेमकी कधी घ्यावी, याचे उत्तर कोणत्याही चाचणीच्या अहवालात नव्हते.

उपचार केव्हा सुरू करावा, हा दुसरा मोठा प्रश्न. औषधांचे दुष्परिणाम टाळण्यासाठी ती मधूनमधून थांबवावीत, असा एक विचार होता. ‘स्मार्ट’ चाचणीने (२००६, ५,४७२ रुग्ण) तो खोडून काढला : औषध थांबवणाऱ्यांत मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे विकारही वाढले. विषाणू मोकळा सोडला तर तोच या अवयवांना जाळतो, हे त्यातून कळले. ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासात एकच जोडीदार बाधित असलेली नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती. पुणे आणि चेन्नई ही त्यांतील भारतीय केंद्रे. लवकर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये जाहीर झाले. ‘स्टार्ट’ चाचणीने २०१५ मध्ये सीडी४ पेशी (रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशी, ज्या एचआयव्ही नष्ट करतो) चांगल्या असतानाच औषध सुरू करणे रुग्णाच्याही हिताचे असल्याचे दाखवले. त्यानंतर २०१७ पासून भारतात सीडी४ ची संख्या न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण आले.

क्षय हा आजही सर्वांत घातक सोबती आहे. एआरटी सुरू केल्यावर प्रतिकारशक्ती परतू लागते, तसा दबलेला क्षय उसळतो. गाठी सुजतात, ताप चढतो, आणि ‘औषधानेच तब्येत बिघडली’ म्हणून रुग्ण गोळ्या बंद करतो. तरीही सीडी४ पन्नासच्या खाली असेल तर क्षयाची औषधे सुरू केल्यानंतर दोन आठवड्यांत एआरटी सुरू केल्याने जीव वाचतात, हे २०११ च्या सुमारास कंबोडिया, दक्षिण आफ्रिका आदी ठिकाणच्या चाचण्यांनी सिद्ध केले. मेंदूच्या आवरणाला झालेला क्षय किंवा बुरशीजन्य दाह याला अपवाद आहे; तेथे घाई अंगाशी येते. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध आजच्या एआरटीतील डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाची रक्तातील पातळी पाडते, म्हणून त्या काळात डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते.

टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची दिवसाला एक गोळी हा आजचा प्रमुख उपचार आहे. तो जुन्या औषधांहून कितीतरी सुसह्य आहे, पण निर्धोक नाही. टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला आणि हाडांना त्रास देऊ शकते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हा धोका वाढवतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात त्या सर्रास खाल्ल्या जातात. डोल्युटेग्रॅव्हिरने वजन वाढते, काहींची रक्तातील साखर चढते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन सोबत असेल तर त्याची मात्रा दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. गरोदर बाईला मिळणाऱ्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी सोबत घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषले जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात किंवा मध्ये अंतर ठेवावे. एवढी साधी गोष्ट गावच्या आशाताईपर्यंत पोचली पाहिजे, पण बाईने आजार लपवला असेल तर आशाताईला ती सांगणार कोण?

संशोधनातून ‘फायदा नाही’ असे उत्तर निघणेही उपयोगी असते. बंगळूर, म्हैसूर आणि चेन्नई येथील ६३१ रुग्णांवरील चाचणीत मोबाइलवरून गोळ्यांची आठवण करून दिल्याने उपचाराच्या परिणामात फरक पडला नाही, असे २०१४ मध्ये दिसले. सीमाभागातील माणसाला त्यात नवल वाटणार नाही. येथे गोळी चुकते ती विसरल्यामुळे कमी, आणि जागा बदलल्यामुळे जास्त. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूर-मिरजेला जातो, खानापूरचा तरुण गोव्यात हॉटेलात असतो, आणि ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून येऊन अथणी-चिकोडीत महिनोन्‌महिने राहतात. ओळखीचा माणूस भेटू नये म्हणून मुद्दाम दूरचे केंद्र निवडणारेही आहेत. २०२० च्या टाळेबंदीत कोगनोळी नाक्यावर राज्याची हद्द बंद झाली, तेव्हा औषध पलीकडे आणि रुग्ण अलीकडे अशी स्थिती किती नाजूक असते ते कळले. सलग तीन महिने केंद्रावर न आलेल्याची नोंद ‘संपर्काबाहेर’ अशी होते. तो मेला, बरा आहे की राज्य ओलांडून दुसरीकडे औषध घेतो आहे, हे त्या रकान्यावरून समजत नाही. म्हणून एकाच राज्याच्या नोंदींवर बेतलेला या भागातील कोणताही अभ्यास अपुरा मानावा लागतो.

चाचणीत भाग घेणाऱ्याची लेखी संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार, नव्या औषधी रसायनाच्या चाचणीत असुरक्षित, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या, गटातील व्यक्तींच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र केवळ आवाज नोंदवतात, चेहरा नाही. ही तरतूद फार विचारपूर्वक केलेली आहे. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो, आणि अडचण तेथे येते : खेड्यातून सोबत आलेला माणूस बहुधा भावकीतलाच निघतो. साक्षीदार रुग्णालयातील, पण अभ्यासाशी संबंध नसलेला आणि मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा असावा, हेच योग्य. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही संमतीविना बाधिताची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे.

दुष्परिणामांची नोंद चाचणीबाहेरही करता येते. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो. त्यासाठीचा अर्ज मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत मिळतो. पायाची आग किंवा वाढते वजन ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून न देता एआरटी केंद्रातील समुपदेशकाने तो अर्ज रुग्णाकडून भरून घेतला, तर या भागाची स्वतःची माहिती जमू लागेल.