हलके थ्रेड: थांबायचे कोणी ठरवायचे?

एखाद्या सर्व्हरला एकाच वेळी लाखभर लोक जोडलेले असतात, तेव्हा त्यातील बहुतेक जोडण्या उत्तराची वाट पाहत नुसत्या थांबलेल्या असतात. अशा प्रत्येक जोडणीसाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतंत्र थ्रेड (प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) वापरणे महाग पडते, कारण लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे चालू फंक्शनांची माहिती ठेवायच्या जागेसाठी, साधारणतः ८ मेगाबाइटची मेमरीतील पत्त्यांची जागा राखली जाते आणि थ्रेड बदलताना दरवेळी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मध्ये यावे लागते. म्हणून अनेक भाषांनी मोजक्या खऱ्या थ्रेडवर हजारो हलकी कामे आळीपाळीने चालवण्याची सोय केली. गो भाषेतील असे हलके काम, म्हणजे गोरुटीन, तर अवघ्या २ किलोबाइटच्या स्टॅकवर सुरू होते, आणि जागा अपुरी पडली की रनटाइम (प्रोग्राम चालू असताना त्याला सांभाळणारी भाषेची यंत्रणा) तो स्टॅक मोठ्या जागेत हलवते.

तुलना बहुधा या आकड्यांपाशीच थांबते, पण माझ्या मते खरा फरक चालू कामाला थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यात आहे. पायथनच्या असिंकआयओ या लायब्ररीमध्ये तो कामाकडेच असतो. दोन ‘अवेट’च्या, म्हणजे काम स्वतःहून थांबते त्या जागांच्या, मध्ये लांबलचक आकडेमोड आली, तर कामे आळीपाळीने चालवणाऱ्या त्या इव्हेंट लूपवरील बाकीची सारी कामे खोळंबतात. रस्टमध्ये कंपायलर मध्येच थांबू शकणाऱ्या असिंक फंक्शनचे स्टेट मशीनमध्ये, म्हणजे काम कुठवर आले ते लक्षात ठेवणाऱ्या रचनेत, रूपांतर करतो, त्यामुळे वेगळा स्टॅक लागत नाही, पण थांबणे तिथेही स्वेच्छेचेच. जावा २१ मधील व्हर्च्युअल थ्रेड वाट पाहण्याची वेळ आली की खरा थ्रेड आपोआप मोकळा करतात, मात्र नुसती आकडेमोड चालू असेल तर त्यांना मध्येच कोणी थांबवत नाही. गोमध्येही फंक्शन न बोलावणारे घट्ट लूप मध्येच थांबवणे २०२० च्या १.१४ आवृत्तीपासूनच शक्य झाले.

एरलँगने हा प्रश्न फार आधी सोडवला होता. १९८६ च्या सुमारास एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी ही भाषा घडू लागली, आणि एका संभाषणामुळे दुसरे अडणे तिथे चालण्यासारखे नव्हते. तिचे रनटाइम प्रत्येक प्रोसेसने (एरलँगमधील हलक्या कामाने) केलेले काम मोजते आणि सध्या सुमारे ४,००० एककांनंतर त्या प्रोसेसची पाळी काढून घेते. प्रोसेसचा हीप, म्हणजे तिचा डेटा ठेवायची मेमरी, हाही स्वतंत्र असल्याने एकीची कचरासफाई (नको झालेली मेमरी मोकळी करणे) दुसरीला थांबवत नाही. त्याची किंमत संदेशांची प्रत करण्यात मोजावी लागते. सतत प्रतिसाद द्यावा लागणाऱ्या यंत्रणांसाठी मला हीच रचना सर्वांत विचारपूर्वक वाटते. मात्र सी भाषेत लिहून जोडलेले फंक्शन या मोजणीत आपोआप येत नाही, त्यामुळे ते लांबले तर पाळ्या ठरवणारा एरलँगचा शेड्यूलरही अडकून पडतो.