ओळ आत घेतली की ठळक अक्षर का जातं?
आमच्या नोट्स अ‍ॅपच्या ग्राहकांसाठी

‘ठळक करायला स्टार घातले, तर नुसते स्टारच दिसतात’ असा फोन आमच्या सदाशिव पेठेतल्या ऑफिसात वरचेवर येतो. बहुतेक वेळा स्टार बरोबर असतात. घोळ असतो तो ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेत.

कोथरूडला जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका काकूंनी मुंजीची यादी अशी लिहिली होती:

१. शनिवार, मुंज

    **मसालेभात** ६० पानं
    **जिलबी** ८ किलो

कार्याच्या नावाखाली पदार्थ जरा आत यावेत आणि ठळक दिसावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. पण दोन्ही ओळी राखाडी चौकटीत गेल्या, अक्षर बदललं आणि स्टार तसेच राहिले. काकूंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आमचं अ‍ॅप मार्कडाउनवर चालतं, म्हणजे साध्या मजकुरात स्टार, डॅश अशा खुणा घालून मांडणी ठरवायच्या पद्धतीवर. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली आणली. मोकळ्या ओळीनंतर चार स्पेस किंवा एक टॅब देऊन लिहिलं, की मार्कडाउन तो मजकूर संगणकाचा कोड समजतं. कोडमध्ये स्टार म्हणजे गुणाकाराचं चिन्हही असू शकतं, म्हणून तिथल्या एकाही खुणेला ते हात लावत नाही. ठळक अक्षर जातं ते इथे.

त्यात भर पडली मराठी आकड्याची. मार्कडाउनला यादीचा क्रमांक म्हणून फक्त इंग्रजी आकडे कळतात, ‘१.’ त्याच्या लेखी साधा मजकूर. काकूंनी इंग्रजी आकडा घातला असता तर त्याच चार स्पेसना ‘यादीच्या आतला मजकूर’ असा अर्थ मिळाला असता आणि अक्षरं ठळक झाली असती. मराठी आकडे चालावेत असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण आमच्यापुरता वेगळा नियम केला, तर तुमची नोट दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडल्यावर विस्कटेल. म्हणून तूर्त डॅश वापरा:

- शनिवार, मुंज
  - **मसालेभात** ६० पानं
  - **जिलबी** ८ किलो

आतला डॅश वरच्या ओळीतल्या पहिल्या अक्षराच्या बरोबर खाली आला पाहिजे. इथे ‘श’च्या खाली, म्हणजे दोन स्पेस. एवढं डोळ्यांनी जुळवलंत की स्पेस मोजत बसावं लागत नाही.

यादी नको, नुसता परिच्छेद आत हवा असेल तर ओळीच्या सुरुवातीला > ही खूण द्या. तिच्यात ठळक अक्षर व्यवस्थित चालतं. अभंग किंवा पत्ता लिहिताना मात्र प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन स्पेस सोडा, नाहीतर सगळ्या ओळी एकापुढे एक येतात.

आता स्टारबद्दल. स्टार आणि अक्षर यांच्यात जागा नको. **जिलबी ** असं लिहिलं तर ठळक होणार नाही. फोनचा कीबोर्ड कधीकधी स्वतःहून स्पेस घालतो, तेवढं बघून घ्या.

मराठीत लिहिणाऱ्यांना नडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अवतरणचिन्ह आणि प्रत्यय. **‘केसरी’**तलं कात्रण, असं लिहिलं तर स्टार उघडे पडतात. शेवटच्या स्टारच्या अलीकडे चिन्ह आणि पलीकडे लगेच अक्षर आलं, की मार्कडाउनला तिथे ठळक मजकूर संपतो हे कळत नाही. इंग्रजीत शब्दाला असे प्रत्यय चिकटत नाहीत, त्यामुळे तिथे ही अडचण क्वचितच येते. उपाय सोपा आहे. स्टार चिन्हांच्या आत घ्या: ‘**केसरी**’तलं कात्रण. चिन्ह नसेल तर **पुण्या**त असं सरळ लिहा, ते बिनघोर चालतं.

जुन्या नोटा नीट करायच्या असतील तर राखाडी चौकटीतल्या ओळींच्या पुढची जागा आधी पुसा, मग डॅश द्या. तरीही जमलं नाही, तर नोट आहे तशीच ऑफिसात घेऊन या. स्पेस कुठे जास्त पडली हे मूळ नोटेतच दिसतं, फोटोत दिसत नाही.