टॉमकॅट व वेब सर्व्हर यांची जोडणी

जावा अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅटसारख्या सर्व्हलेट कंटेनरमध्ये (जावातील वेब प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवायचे, पण बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्ट (ब्राउझरच्या मागण्या) त्याच्यापुढील अपाची किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरने घ्यायच्या, अशी ही रचना. टॉमकॅट सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सुरू केला. १९९९ मध्ये तो अपाची फाउंडेशनकडे आला.

टॉमकॅट एचटीटीपी (ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाची पद्धत) स्वतः हाताळतो, त्यामुळे लहान कामाला तो एकटा पुरतो. पण ब्राउझर ८० किंवा ४४३ पोर्टवर (मशीनच्या क्रमांकित दारावर) येतात, आणि लिनक्सवर १०२४ खालचे पोर्ट उघडायला सहसा रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार लागतात. जावा प्रोग्रॅमला ते देणे धोक्याचे. म्हणून टॉमकॅट साध्या युजरने ८०८० वर चालवतात आणि ८० व ४४३ पुढच्या वेब सर्व्हरकडे देतात.

समजा, रावेर-सावदा पट्ट्यातील केळीचे भाव दाखवणारे अ‍ॅप्लिकेशन आहे. डेटाबेसमधून भाव काढणे टॉमकॅटचे काम. चित्रे आणि स्टाइलशीट (पानाच्या मांडणीच्या फाइली) वेब सर्व्हर परस्पर देतो. भाव जाहीर होताच जळगाव, धुळे, नंदुरबारहून गर्दी उसळली, तर मागे दोन टॉमकॅट लावता येतात. मात्र लॉगिन केलेल्या शेतकऱ्याचे सेशन (त्याच्या लॉगिनची नोंद) एकाच टॉमकॅटच्या मेमरीत असते. म्हणून प्रत्येक टॉमकॅटला ‘जेव्हीएमरूट’ या सेटिंगमधून वेगळे नाव देतात. ते सेशन कुकीच्या (ब्राउझरमध्ये राहणाऱ्या सेशनच्या खुणेच्या) शेवटी जोडले जाते आणि वेब सर्व्हर त्यावरून रिक्वेस्ट योग्य ठिकाणी धाडतो. तो टॉमकॅट बंद पडला आणि सेशनची प्रत दुसरीकडे नसली, तर पुन्हा लॉगिन करावे लागते.

वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्यातील संवादासाठी पूर्वी अपाचीचे मॉड-जेके हे मॉड्यूल (जोड-भाग) आणि एजेपी हा बायनरी प्रोटोकॉल (साध्या मजकुराऐवजी बाइट्समधून चालणारी संवादपद्धत), पोर्ट ८००९, रूढ होते. एजेपीतून ग्राहकाचा मूळ आयपी पत्ताही आपोआप पोहोचतो. २०२० मध्ये त्यात ‘घोस्टकॅट’ ही त्रुटी उघड झाली: हे पोर्ट उघडे राहिल्यास अ‍ॅप्लिकेशनच्या फाइली बाहेरच्याला वाचता येत. टॉमकॅटच्या आवृत्ती ९.०.३१ पासून एजेपी मुळात बंदच असते, आणि ते योग्यच झाले.

नव्या कामासाठी साधी एचटीटीपी प्रॉक्सी बरी, म्हणजे वेब सर्व्हरने रिक्वेस्ट एचटीटीपीनेच टॉमकॅटकडे पुढे धाडायची. तिच्यात मूळ पत्ता वेगळ्या हेडरमधून (रिक्वेस्टसोबतच्या माहितीच्या ओळीतून) पाठवावा लागतो आणि तो वाचणारा ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ टॉमकॅटमध्ये लावावा लागतो. हा व्हॉल्व्ह लावायचा राहिला, तर दोन्ही सर्व्हर एकाच मशीनवर असताना शहाद्याचा आणि चोपड्याचा माणूस लॉगमध्ये १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावरून, आलेला दिसतो! अशा वेळी ८०८० हे पोर्टही फक्त त्याच पत्त्याला बांधावे. नाहीतर कोणीही वेब सर्व्हर टाळून थेट टॉमकॅटवर पोहोचू शकतो.